रक्ताच्या कर्करोगावरील प्रत्यारोपणाचे संशोधन कसे वाचावे : कोकणातील कुटुंबांसाठी

कोकणात एखाद्या घरात रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की उपचाराची दिशा ठरण्याआधीच मोबाइलवर बातम्या येऊ लागतात. ठाण्याचा चुलतभाऊ एका परदेशी प्रयोगाची बातमी धाडतो, मस्कतचा मेहुणा दुसऱ्याच एका औषधाची, आणि दोन्हींत ‘स्टेम सेल’, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, हा शब्द असतो. या बातम्या बहुधा खोट्या नसतात. अडचण एवढीच असते की त्या वेगळ्याच रुग्णांविषयी असतात. संशोधनातला प्रत्येक आकडा ठरावीक आजाराच्या, ठरावीक अवस्थेतील आणि ठरावीक वयाच्या माणसांच्या गटाचा असतो. आपला रुग्ण त्या गटात बसतो का, हा निर्णय डॉक्टरांचा आहे. परंतु नेमके प्रश्न घेऊन त्यांच्यासमोर बसणे दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या कोणालाही जमू शकते.

त्यासाठी बातमी उघडण्याआधी रुग्णाची फाइल उघडावी. ‘ब्लड कॅन्सर’ एवढ्याने काहीच कळत नाही. आजार तीव्र मायलॉइड ल्युकेमिया आहे, तीव्र लिम्फॉइड ल्युकेमिया आहे, लिम्फोमा आहे की मायलोमा, हे रिपोर्टवर लिहिलेले असते आणि ते जसेच्या तसे एका कागदावर उतरवून घ्यावे. त्याखाली जनुकीय तपासणीचा निष्कर्ष, रुग्णाचे वय, मधुमेहासारखे इतर आजार, आणि रुग्ण रेमिशनमध्ये (म्हणजे उपचारानंतर तपासणीत आजार दिसेनासा झालेल्या अवस्थेत) आहे का, असल्यास पहिल्या की आजार उलटल्यानंतरच्या दुसऱ्या, हेही लिहावे. सावंतवाडी-दोडामार्गाकडील रुग्णांच्या पहिल्या तपासण्या पुष्कळदा गोव्यात बांबोळीला झालेल्या असतात आणि पुढचे उपचार मुंबईत होतात. अशा वेळी केवळ रिपोर्ट नव्हे तर नमुन्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉकही मागून घ्यावेत, कारण पुढील रुग्णालय ते पुन्हा तपासते. एवढ्या माहितीवरच अर्ध्या बातम्या गळून पडतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी उपलब्ध झाल्यापासून प्रत्यारोपणाची वेळ फार थोड्या रुग्णांवर येते, आणि प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया तर अ-जीवनसत्त्वापासून तयार केलेले औषध व आर्सेनिक यांनी बहुतेकांमध्ये बरा होतो. अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी प्रत्यारोपणाचे लेख वाचत रात्र जागवण्याचे कारण नाही.

पुढचा प्रश्न असा, की संशोधन कोणत्या प्रत्यारोपणाचे आहे. मायलोमामध्ये आणि काही लिम्फोमांमध्ये रुग्णाच्याच मूळ पेशी काढून गोठवून ठेवतात, केमोचा फार मोठा डोस देतात आणि नंतर त्या पेशी परत चढवतात. येथे कर्करोगावर काम करते ते औषध. पेशी फक्त त्या औषधाने जळालेली अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतील रक्त तयार करणारा मगज, पुन्हा उभी करतात. दात्याच्या पेशी वापरल्या जातात तेव्हा मात्र त्या पेशी स्वतःच उपचार असतात, कारण दात्याची प्रतिकारशक्ती उरलेल्या कर्करोगपेशींना परके समजून मारते. एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी सर्वांत चांगल्या जुळतात, तरीही त्या वापरल्यास ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण इतर भावंडांच्या पेशींपेक्षा अधिक आढळले, यावरून ही गोष्ट स्पष्ट झाली. परंतु हीच शक्ती रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यांवरही उलटू शकते. त्या विकाराला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात. या क्षेत्रातील बरेचसे संशोधन पहिला परिणाम टिकवून दुसरा कसा कमी करावा, याभोवतीच फिरते.

यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण सर्वाधिक फसगत येथेच होते. ‘प्रत्यारोपण झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा अधिक जगले’ असे वाक्य दिसले की तुलना कशी केली ते शोधावे. प्रत्यारोपणापर्यंत पोहोचण्यासाठी रुग्णाला काही महिने जगावे लागते, केमो सोसावी लागते आणि बहुधा रेमिशनमध्ये यावे लागते. जे आधीच दगावले, ज्यांचा आजार लवकर उलटला किंवा ज्यांची प्रकृती नाजूक होती, ते सगळे आपोआप ‘प्रत्यारोपण न झालेल्या’ बाजूला मोजले जातात. अशा तुलनेत उपचार निरुपयोगी असला तरी गुणकारी दिसेल. म्हणून संशोधकांनी एक युक्ती वापरली : रेमिशनमधील सर्व रुग्णांच्या सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी (दाता आणि रुग्ण यांच्या पेशी जुळतात का हे पाहणारी) करायची, आणि जुळणारे भावंड असलेल्यांची तुलना ते नसलेल्यांशी करायची, मग पहिल्या गटातील एखाद्याचे प्रत्यारोपण प्रत्यक्षात झाले नाही तरी त्याला त्याच गटात मोजायचे. भावंड जुळणे हा निव्वळ आनुवंशिक योगायोग असल्यामुळे ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीच्या बरीच जवळ जाते. आज अर्धवट जुळणारा दाता जवळजवळ प्रत्येकाला मिळू शकत असल्याने ही युक्ती पूर्वीइतकी चालत नाही. त्यामुळे लेखात वाटणी खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, होती की जुन्या नोंदी चाळून केलेली होती, हे पाहणे अधिकच आवश्यक झाले आहे.

मोजले काय, तेही पाहावे. मायलोमावरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लवकर प्रत्यारोपण केलेल्या गटात आजार न वाढता गेलेला मध्यम काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला) ६७.५ महिने होता आणि केवळ औषधे दिलेल्या गटात ४६.२ महिने. हा फरक मोठा आहे. परंतु एकूण किती जण जिवंत राहिले, या मोजमापात सहा वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यातही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. बातमीच्या मथळ्यात यांपैकी एकच आकडा येतो, आणि कोणता येईल ते मथळा देणाऱ्यावर अवलंबून असते. त्याचप्रमाणे नात्याबाहेरच्या दात्याकडून पेशी घेताना त्या रक्तातून घ्याव्यात की अस्थिमज्जेतून, याची २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की दोन वर्षांनंतरच्या जगण्यात खरा फरक नव्हता, पण दीर्घकालीन जीव्हीएचडी रक्तातून घेतलेल्या पेशींच्या गटात ५३ टक्के आणि अस्थिमज्जेच्या गटात ४१ टक्के होता. जिवंत राहणे आणि धडधाकट राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतावर, होडीवर किंवा दुकानात परत जायचे असलेल्या माणसाने दुसरीविषयी मुद्दाम विचारावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्ण जिवंत, आजार न उलटलेला आणि गंभीर जीव्हीएचडीपासून मुक्त, अशा तिन्ही अटी एकत्र मोजल्या. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचे औषध दिलेल्यांपैकी ५२.७ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या औषधांवरील ३४.९ टक्के रुग्ण एका वर्षानंतर या कसोटीला उतरले. मला हे मोजमाप अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात ते एका वर्षाचे आहे, याची नोंद कागदावर करून ठेवावी.

दात्याचा हिशेब घरीच मांडता येतो. एक सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, दोन भावंडे असतील तर किमान एक जुळण्याची सुमारे ४४ टक्के आणि तीन असतील तर सुमारे ५८ टक्के असते. आई-वडील आणि मुले सहसा अर्धी जुळतात आणि आता तीही दाता होऊ शकतात. चुलत-मावस नातेवाइकांच्या तपासण्यांवर सरसकट खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांच्यापैकी कोणी पूर्ण जुळण्याची शक्यता कमी असते. चाकरमानी भावाने ‘गणपतीला येईन तेव्हा तपासणी करू’ असे म्हणू नये. मुंबईतच नमुना देता येतो. नात्यात कोणी न जुळल्यास दात्री किंवा डीकेएमएस यांसारख्या इच्छुक दात्यांच्या नोंदवह्यांत शोध घेता येतो.

परदेशी आकडे आपल्याकडे लावताना संसर्गाचा विचार वेगळा करावा लागतो. प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस आणि जीव्हीएचडीची औषधे चालू असेपर्यंतचा काळ जोखमीचा असतो. कोकणातील पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी, चिऱ्यांच्या खाणीची धूळ, भातशेतीतील लेप्टोस्पायरोसिस आणि दोडामार्ग परिसरातील माकडताप यांचा परदेशी लेखांत उल्लेख नसतो. ताप आला तर काही तासांत कोठे पोहोचायचे, हे आधी ठरवावे. चिपळूण-रत्नागिरीहून घाट आणि महामार्ग यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा सुरुवातीचे महिने पनवेल-खारघर परिसरात खोली घेऊन राहणे बहुतेकांना सोयीचे पडते, कारण टाटा स्मारक रुग्णालयाचे प्रत्यारोपण केंद्र खारघरच्या अॅक्ट्रेक या त्याच्याच संशोधन केंद्रात आहे. देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण टाटा स्मारकानेच १९८३ मध्ये केले. आपल्याकडचा अनुभव एवढा जुना असल्याने आपल्या केंद्राचे स्वतःचे निकाल काय आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा.

गुडघेदुखीपासून मतिमंदत्वापर्यंत सर्व काही ‘स्टेम सेल’ने बरे करण्याच्या जाहिराती या चौकटीत बसत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांवरील मूळ पेशी प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकीचे वापर चाचणीतच व्हायला हवेत. २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारकात विकसित झालेली पद्धतही प्रत्यारोपण नव्हे : तीत रुग्णाच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रयोगशाळेत बदलून परत देतात, आणि ती बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या ठरावीक लिम्फोमा व ल्युकेमियासाठीच आहे.

रुग्णालयाने एखाद्या चाचणीत सहभागी होण्यास सुचवले, तर तिचा नोंदणी क्रमांक मागून भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत शोधावा. जून २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. चाचणी कोणत्या टप्प्याची आहे ते पाहावे, कारण पहिल्या टप्प्यात प्रामुख्याने सुरक्षितता आणि डोस तपासतात, गुण येईलच याची खात्री नसते. संमतिपत्र मराठीतून मागावे, घरी नेऊन वाचावे आणि मधेच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील का, इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हे सहीपूर्वी लेखी घ्यावे. पाठपुराव्याच्या प्रत्येक फेरीचा प्रवासखर्च कोण देणार आणि जुलैत दरड कोसळून रस्ता व रेल्वे बंद पडली तर त्या तारखेची रक्ततपासणी जवळच्या प्रयोगशाळेत करून चालेल का, हेही त्याच वेळी विचारून त्या कागदावर लिहून ठेवावे.