जुन्या वाड्यात दोन रात्री राहायला जाताना

सोलापूरकराला प्रवासाची तयारी शिकवावी लागत नाही. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर ही वाट तोंडपाठ असते. पहाटे गाडी काढायची, दर्शन घ्यायचं, वाटेत कुठंतरी डबा उघडायचा आणि रात्री आपल्याच अंथरुणावर पाठ टेकायची. पण एखाद्या जुन्या वाड्यात नाहीतर बंगल्यात मुक्काम टाकायचा, सकाळी घरच्यांच्या हातची न्याहारी खायची आणि दिवसभर काहीच करायचं नाही, याची सवय आपल्याला कमी. म्हणून त्याची तयारी जरा आधीपासून आणि जरा वेगळी करावी लागते.

पहिलं काम कॅलेंडर काढण्याचं, आणि त्यातही पहिलं नळाच्या पाण्याचा दिवस बघण्याचं. आपल्याकडे रोज पाणी येत नाही. पाण्याची पाळी नेमकी शनिवारी आली तर अर्धं मन टाकीतच अडकून राहतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवावी किंवा सरळ पुढचा आठवडा धरावा. मग वारीचे दिवस बघा. वाई-पाचगणीकडे पंढरपूर, फलटण करत जायचं असेल तर आषाढी एकादशीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोडून द्या. माउलींची पालखी याच वाटेने येते, फलटणला मुक्काम करते आणि रस्ता वारकऱ्यांचा असतो. तो त्यांचाच राहू द्यावा. कार्तिकीलाही पंढरपूर टाळावं. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भक्तांनी भरलेला असतो, तेव्हा त्या बाजूला गाडी घालू नये. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा जत्रा असते, पाहुणे आपल्याकडे येतात, त्यामुळे त्या दिवसांत बाहेर पडणं जमतच नाही.

कुठं जायचं हे ठरवताना माझा एक साधा हिशोब आहे: दोन रात्रींसाठी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त गाडीत बसायचं नाही. वाई आणि पाचगणी त्यात बसतात. पाचगणीत इंग्रजांच्या आणि पारशांच्या काळातले बंगले आहेत, आणि काहींमध्ये पाहुण्यांची सोय होते. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात राहता येतं आणि तिथं गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवण्याचं काम अजून चालतं. पणजीच्या फोंताईन्हास भागात जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांत खोल्या मिळतात. पण सावंतवाडी आणि पणजी आपल्याला लांब पडतात; आणखी एखादी सुट्टी जोडून मिळाली तरच तिकडे निघा. सासवडजवळची सरदार पिलाजी जाधवरावांची जाधवगढी १७१० सालची आहे. आज तिथं मोठं हॉटेल आहे. तिथं जाण्यात वावगं काही नाही, फक्त तो अनुभव वेगळा हे आधीच ओळखून जावं.

कारण न्याहारी-निवास म्हणजे घरचे लोक त्याच घरात राहतात आणि आपल्याला दोन-चार खोल्या देतात. केंद्र सरकारच्या योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकाने स्वतः तिथं राहायला हवं. राज्याच्या पर्यटन खात्याकडेही अशा घरांची नोंदणी होते. फोनवर विचारावं, ‘नोंदणी आहे का?’ विचारलं म्हणून चांगला मालक रागावत नाही.

आता तो फोन. या सगळ्या तयारीत मी सर्वात जास्त वेळ या फोनला देते. ॲपवर बुकिंग झालं, पैसे गेले, तरी एकदा घरमालकांशी बोलल्याशिवाय निघू नये. फोटोत चौक, तुळशीवृंदावन, कोरीव खांब आणि झोपाळा दिसतो. ज्यावर आपली झोप आणि सकाळ अवलंबून, त्या न्हाणीघराचा फोटो मात्र हटकून नसतो. तो मागून घ्यावा. बोलताना आडपडदा ठेवू नये. ‘काका, आमच्याबरोबर सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खोली खाली मिळेल की माडीवर? संडास खोलीला लागून आहे की परसात? कमोड आहे ना?’ असं स्पष्ट विचारलं की समोरचा माणूसही मोकळं सांगतो. वाड्यातला जिना फार उभा असतो. भिंतीच्या जाडीतून वर जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल इतका अरुंद. पायऱ्या उंच, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि कठडा म्हणून वरून सोडलेला दोर. तरुण माणसाला त्यात गंमत वाटते. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला खालचीच खोली हवी. दरवाज्याची चौकटही ठेंगणी असते, उंच माणसांना बजावून ठेवा.

लहान मुलं असतील तर आड, म्हणजे घरातली विहीर, झाकलेला आहे का, माडीच्या सज्जाला कठडा किती उंच आहे, घरात कुत्रं आहे का, हे विचारा. गरम पाणी बंबाचं की गिझरचं, आणि किती वाजेपर्यंत? वीज गेली तर इन्व्हर्टर पंख्याला पुरतो का? खोलीत एसी आहे का? दीड हात जाडीच्या भिंतीत एसीची गरज बहुतेक लागत नाही, पण भर मे महिन्यात सोलापुरातून निघालेल्या माणसाला ते आधी कळलेलं बरं. त्याच जाड भिंतींमुळे आत मोबाइलची रेंज येत नाही, म्हणजे यूपीआय चालेलच असं नाही. रोख पैसे जवळ ठेवा. गाडी दारापर्यंत जाते का हेही विचारा, कारण वाड्यांच्या बोळात सात सीटची गाडी अडकते आणि मागे घेता घेता घामटं निघतं.

जेवणाचं वेगळं बोलावं. भाड्यात धरलेली असते ती सकाळची न्याहारी. रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण घरच्या बाईंना भाजी आणायची असते. मांसाहार चालतो का, घरात एकादशी किंवा श्रावण पाळतात का, दारू चालते का, हे आपण होऊन विचारलं तर दोन्ही बाजूंचा संकोच टळतो. मधुमेहाचं माणूस बरोबर असेल तर न्याहारीची वेळ पक्की करा. अशा घरांत ती निवांत, साडेआठ-नऊला मिळते. आणि सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं फाईलमध्ये घाला, तिथं नोंदवहीसाठी लागतात.

बॅग लहानच ठेवा. विजेरी, शाल, घरात घालायला मऊ स्लीपर, ओडोमॉस, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, एखादं पुस्तक, पत्त्यांचा जोड. झोप हलकी असेल तर कानात घालायला कापूस घ्या, लाकडी तक्तपोशीवर वरच्या मजल्यावरचं पाऊल न् पाऊल ऐकू येतं. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन हे घरीच राहू द्या. जुन्या वायरिंगवर तो भार टाकला की सगळ्या घराचा फ्यूज उडतो. गाणी वाजवायचा स्पीकरही नको. चौकातला आवाज चारही बाजूंच्या खोल्यांत घुमतो.

खाण्याच्या बाबतीत आपला हात सैल असतो. वाटेसाठी धपाटे, दही आणि शेंगा चटणी पुरे. कडक भाकरी आठवडाभर टिकते म्हणून गठ्ठा बांधून नेऊ नका, नाहीतर मुलं तीच कुरतडत बसतात आणि यजमानांनी पहाटे उठून केलेले घावन ताटात थंड होतात. त्याऐवजी शेंगा चटणीचं एक पाकीट आणि सोलापुरी टॉवेलची जोडी यजमानांसाठी घ्या. हातावर ठेवलीत की बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही.

आणि ते बोलणं व्हायला हवं, त्यासाठीच तर जुनं घर निवडायचं. जाण्याआधी आपल्याच भागातली घरं जरा डोळ्यांखालून घाला. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन जबर, म्हणून माळवदाची घरं: तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि खाली भर दुपारी गारवा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, म्हणून तिकडे उतरतं छप्पर आणि पुढे ओढलेली पडवी. हे डोक्यात असलं की मालकांना विचारायला प्रश्न सुचतात. हे लाकूड कुठून आणलं, धान्य साठवायचं बळद कुठं होतं, माडी कुणी चढवली. संध्याकाळी ओसरीवर असे दोन प्रश्न विचारले की जुनी माणसं आपोआप खुलतात.

फिरण्याचं वेळापत्रक मात्र कोरं ठेवा. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी. वाईला उतरलात तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट बघा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आलेली घंटा घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली आहे. ढोल्या गणपतीचं दर्शन परत येताना होतं. बस्स, एवढंच. ‘इथवर आलोच आहोत तर महाबळेश्वरही करू’ म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याच्याशी निघण्यापूर्वीच बोलून घ्या, तिथं गेल्यावर वाद नको.

मुलांना घराच्या चार गोष्टी आधी सांगा. चपला उंबऱ्याबाहेर, देवघरात विचारल्याशिवाय जायचं नाही, चुन्याच्या भिंतीचे पोपडे नखांनी काढायचे नाहीत, ओला टॉवेल शिसवी खुर्चीवर टाकायचा नाही, पांढरा डाग पडतो आणि जात नाही. दाराला आतून आगळ असेल तर ती सरकवायची कशी हे पहिल्या दिवशीच यजमानांकडून बघून घ्या. घाईत ओढली की जुनं लाकूड चिरतं, आणि तसं दार करून देणारा सुतार आज शोधून सापडत नाही.

निघायचं शनिवारी पहाटे, शुक्रवारी रात्री नाही. ऊसगाळपाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या असतात, अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टरही नसतो, आणि अंधारात त्या समोर येईपर्यंत दिसत नाहीत. गॅस बंद, पाण्याच्या मोटारीचं बटण बंद, किल्ली शेजारी, आणि उजाडता उजाडता गाडी रस्त्याला.

परतायच्या दिवसासाठीही हाच नियम. आदल्या रात्रीच यजमानांना सांगा की न्याहारी करून दहाला निघू, हिशोब त्याच वेळी चुकता करा आणि पावती घ्या. म्हणजे दिवस मावळायच्या आत सोलापूर गाठता येतं.