ईईजीवरून कनेक्टिव्हिटी काढताय? आधी हे बघा

ईईजीचा (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींचा) डेटा हातात आला की लगेच कनेक्टिव्हिटीचे, म्हणजे मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी बोलतायत त्याचे, आकडे काढायला धावू नका, आधी नुसता स्क्रोल करून डोळ्यांनी बघा. पापणी लवली की कपाळाकडच्या एफपी१, एफपी२ या इलेक्ट्रोडवर मोठा उंचवटा येतो, जबडा आवळला की कानशिलाजवळच्या चॅनेलवर दाट खरखर दिसते, आणि हे एकदा नजरेत बसलं ना की आयसीएमधून (मिसळलेले सिग्नल वेगवेगळे करणारी पद्धत) कुठला कंपोनंट काढून टाकायचा ते कळायला लागतं. फिल्टर बहुतेक वेळा १ ते ४० हर्ट्झ पुरतो.

आता खरी गोम. सिग्नल कवटीतून पसरतो, त्यामुळे एकच सोर्स शेजारच्या दोन इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी उमटतो आणि साधा कोहेरन्स (दोन सिग्नल किती जुळतात त्याचं माप) काढला तर ते दोन भाग एकमेकांशी बोलतायत असं वाटतं, जे खरं नसतं! म्हणून फेज लॅग इंडेक्स वापरा, तो एक लहर दुसरीच्या सातत्याने पुढे किंवा मागे आहे का ते बघतो, एकाच क्षणी उमटणारं, म्हणजे शून्य फरकाचं नातं धरतच नाही. त्यात काही खरी नातीही सुटतात, पण खोटी मिळण्यापेक्षा ते परवडलं.

पेशंट आणि कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक) दोघांचे इपॉक (रेकॉर्डिंगचे ठरावीक लांबीचे तुकडे) सारखेच घ्या, कमी असले की इंडेक्स उगाच फुगतो.

अल्झायमरमध्ये अल्फा लहरींचा वेग मंदावतो, त्यांच्याहून संथ अशा थीटा लहरी वाढतात, पण माणसाला नुसती डुलकी लागली तरी असंच दिसतं, म्हणून टेक्निशियनच्या नोंदी वाचाच. औषधंही विचारा, बेंझोडायझेपिन (झोपेसाठी, चिंतेवर देतात ती औषधं) चालू असेल तर वेगवान बीटा लहरी वाढलेल्या असतात.