जिरणे, मुरणे, टिपणे : ‘शोषण’ समजून घेताना या चुका टाळा

एका मसुद्याची मराठी तपासताना ‘कंत्राटी कामगारांचे टप्प्याटप्प्याने कायम सेवेत शोषण करण्यात येईल’ असे वाक्य माझ्यासमोर आले होते. मूळ इंग्रजी मजकुरात ‘absorb’, म्हणजे त्यांना सेवेत सामावून घेण्याचे आश्वासन होते. मराठीत त्याची उघड धमकी झाली. ही चूक हसून सोडून देता आली असती, परंतु कोशातला एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवण्याची सवय घरातही नडते आणि तिथे ती खर्चात पाडते. ‘शोषण’ हा शब्द ‘शुष्’, म्हणजे सुकणे, या संस्कृत धातूवरून आला आहे. रोजच्या बोलण्यात मात्र पाणी जमिनीत जिरते, मसाला फोडीत मुरतो, टिपकागद शाई टिपतो आणि खाल्लेले अंगी लागते. आत गेलेली वस्तू कुठे थांबते आणि तिचे पुढे काय होते, हे यातले प्रत्येक क्रियापद वेगळे सांगते.

ठाण्यात जुलै महिना लागला की कपाटातले कपडे कुबट होतात आणि ओलावा शोषणारे काहीतरी आणले जाते. इथली नेहमीची चूक म्हणजे सिलिका जेलच्या पुड्या आणि पांढऱ्या खड्यांचे प्लास्टिकचे डबे एकच समजणे. त्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते हवेतली वाफ ओढून घेते, त्याच पाण्यात स्वतः विरघळते आणि जाळीखालच्या कप्प्यात खारट द्राव साठत जातो. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरात मी असा भरलेला डबा ‘उन्हात वाळवून पुन्हा वापरू’ म्हणून उचलला, तो कलंडला आणि खालच्या चामडी चपलांचा जोड कायमचा आक्रसून गेला. हा डबा वाळवण्यासाठी नसतोच. खडे संपले की द्राव सांभाळून ओतून टाकावा आणि हात धुवावेत. सिलिका जेलचे काम निराळे आहे. त्यात पाणी कणांच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, कण विरघळत नाही. या प्रकाराला अधिशोषण म्हणतात आणि त्यासाठीची ‘adsorption’ ही स्वतंत्र संज्ञा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी 1881 मध्ये रूढ केली. चिकटलेले पाणी उष्णतेने सुटते, म्हणून हे कण भट्टीत सुमारे 110 ते 120 अंश सेल्सिअसला दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळे कण ओलावले की गुलाबी होतात, हे सोयीचे असले तरी तो रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो. असे कण धान्याच्या किंवा मसाल्याच्या डब्यात ठेवू नयेत.

लाद्यांच्या बाबतीत जुनी चांगली सवयच चूक ठरते. सिरॅमिकच्या भिंतीच्या लाद्या लावण्यापूर्वी पाण्यात भिजत घालण्याची रीत आहे, कारण या लाद्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक पाणी पितात आणि कोरड्या लावल्या तर सिमेंटमधले पाणी ओढून घेऊन त्याला नीट घट्ट होऊ देत नाहीत. व्हिट्रिफाइड लादीत हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. आमच्या स्वयंपाकघराचे काम निघाले तेव्हा मी बादली भरून आणली, तर मिस्त्री म्हणाले, “साहेब, ही लादी पाणीच पीत नाही, भिजवून काय करणार?” ते बरोबर होते, पण अर्धेच. जी लादी पाणी पीत नाही, ती सिमेंटची मळीही धरून ठेवत नाही. अशा लादीला तिच्यासाठीचे चिकट मिश्रण लागते, आणि आम्ही त्याचा खर्च वाचवला. वर्षभरात नाण्याने ठोकल्यावर चार लाद्या पोकळ वाजू लागल्या.

आवाजाच्या बाबतीतली चूक सर्वांत महाग पडते, असे माझे मत आहे. रात्रीच्या ट्रकांचा आवाज येतो म्हणून लोक भिंतींना फोम लावतात, काहीजण तर अंड्यांचे ट्रे चिकटवतात, आणि आवाज होता तेवढाच राहतो. मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीतल्या आवाजाचे घुमणे कमी करते. बाहेरचा आवाज आत येणे ती फारसे थांबवत नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबिन यांनी 1895 पासून तिथे जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि गाद्या वाढवत नेल्यावर घुमणे किती घटते ते मोजले. प्रश्न खोलीच्या आतला असल्यामुळे तिथे गाद्या उपयोगी पडल्या. रस्त्याच्या आवाजाला वजन आणि बंदिस्तपणा लागतो : खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवणे आणि जाड किंवा दुहेरी काच बसवणे. पडदे त्यानंतर.

पोटात काय होते, याविषयी थोडक्यात. अन्न पचणे आणि शोषले जाणे या दोन पायऱ्या आहेत आणि दुसरी मुख्यतः लहान आतड्यात घडते. वनस्पतिजन्य अन्नातले लोह आधीच कमी प्रमाणात शोषले जाते. लिंबातले क जीवनसत्त्व ते वाढवते आणि चहातली टॅनिने ते घटवतात. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळून लगेच चहा घेणारे आपण सगळे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतो. चहा तासभराने घ्यावा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेणे हीदेखील तशीच चूक आहे. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांना विचारून वेगळ्या कराव्यात.

शेवटची चूक सोसायट्यांची. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सर्वांना पाठ असल्यामुळे आवारात शोषखड्डा खणला की पावसाचे पाणी जिरणारच, असे गृहीत धरले जाते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून तिथे झडपांचे धारण तलाव, म्हणजे पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत साठवून ठेवणारे तलाव, बांधावे लागले. जिथे भूजल पावसाळ्यात जवळजवळ पायाशीच असते, तिथे खड्ड्यातले पाणी जाणार कुठे? खर्च मंजूर करण्यापूर्वी फूटभर रुंद आणि कंबरेइतका खोल खड्डा खणून, तो दोनदा पाण्याने भरून जिरू द्यावा, तिसऱ्यांदा भरल्यावर काठीवर खूण करावी आणि तासाने पातळी पाहावी. ही चाचणी मेमध्ये न करता ऑगस्टमध्ये करावी, कारण मेमध्ये जमीन कोरडी असते आणि कोणताही खड्डा पाणी पितो.