जुग्युलर म्हणजे नेमकी कोणती शीर? लिहिताना-तपासताना या चुका टाळा

केसपेपरवर ‘जुग्युलर पल्स ८०’ असं लिहिलेलं दिसलं की खुशाल समजावं, लिहिणाऱ्याने कॅरोटिड मोजली आहे. मानेत बोटाखाली जी ठणठण उडते ती कॅरोटिड, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणारी रोहिणी (धमनी). जुग्युलर ही नीला, म्हणजे शीर. डोकं, चेहरा आणि मेंदूकडचं रक्त ती हृदयाकडे परत आणते. तिच्यातला दाब इतका कमी असतो की बोट टेकवलं की ती चपटीच होते, त्यामुळे तिची नाडी बोटाने मोजत नाहीत, ती डोळ्याने बघायची असते.

दुसरी चूक नुसतंच ‘जुग्युलर’ लिहून मोकळं होण्याची. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गळ्याशी संबंधित, एवढाच. अशा शिरा मानेच्या प्रत्येक बाजूला तीन: इंटर्नल, एक्स्टर्नल आणि अँटिरियर. गायक तारसप्तकात गेला किंवा मूल हमसून रडू लागलं की मानेवर दोरीसारखी फुगते ती एक्स्टर्नल. इंटर्नल आत, स्टर्नोमास्टॉइड स्नायूच्या आड असते. कवटीच्या तळातून निघून कॅरोटिड आणि व्हेगस नर्व्ह (मज्जातंतू) यांच्यासोबत एकाच आवरणातून ती खाली येते आणि कॉलरबोनच्या मागे सबक्लेव्हियन शिरेला मिळते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ‘आयजेव्ही’ (इंटर्नल जुग्युलर व्हेन) ती हीच. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची औषधांची नळी, तीही बऱ्याचदा हिच्यातच टाकतात. तेव्हा बाजू आणि नाव दोन्ही लिहा.

‘नस’ हा शब्द तर आणखी घोळ घालतो. पेशंट ‘मानेची नस दबलीय’ म्हणतो तेव्हा त्याला नर्व्ह म्हणायची असते. बातमीत ‘मानेची नस कापली’ असतं तेव्हा रक्तवाहिनी, आणि तीही कोणती ते कळत नाहीच. (प्रतिस्पर्ध्याच्या ‘जुग्युलरवर झेप घेतली’ असं लिहिणाऱ्या क्रीडा-वार्ताहरांबद्दल काय बोलावं? आपल्याकडे नरडीचा घोट घेतात, तेवढं पुरे.)

खरी गडबड होते ती जेव्हीपी, म्हणजे जुग्युलरमधला दाब बघताना. पेशंट सपाट झोपलेला असेल तर धडधाकट माणसाचीही शीर भरलेली दिसते. पाठ साधारण ४५ अंशांत टेकवा, मान किंचित डावीकडे वळवा, उजेड तिरपा पडू द्या आणि उजवी बाजू बघा, कारण उजवी इंटर्नल जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. उशा रचून हनुवटी छातीला टेकवलीत तर मान दुमडते आणि नीट काही दिसत नाही.

दिसलेलं स्पंदन शिरेचं की कॅरोटिडचं? शिरेचं साधारणपणे दुहेरी, लपलपतं असतं. श्वास आत घेतला की खाली जातं, कॉलरबोनच्या वर हलकं दाबलं की नाहीसं होतं. कॅरोटिडचा एकच ठोका, आणि तो बोटाला लागतो. श्वास घेताना पातळी उतरण्याऐवजी चढली तर ते कुसमॉल चिन्ह. हृदयाभोवतीचं आवरण घट्ट होण्याच्या आजारात ते सापडतं. नोंद करा, ‘बघण्यात चूक झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

मोजताना पट्टी मानेच्या कडेने तिरकी लावतात, तेही चूक. छातीच्या मधल्या हाडावर, दुसरी बरगडी जुळते तिथला उंचवटा चाचपा. तिथून उभी पट्टी आणि स्पंदनाच्या टोकापासून आडवी पट्टी, दोन्ही जुळतात ती उंची घ्या. ३ सेंटिमीटरपर्यंत ठीक. त्यात ५ मिळवले की पाण्याच्या सेंटिमीटरमधला दाब मिळतो.

या सगळ्यात मला सर्वांत घातक वाटते ती ‘दिसली नाही, म्हणजे नॉर्मल’ ही समजूत. दाब फार चढलेला असेल तर टोक जबड्याच्या मागे जाऊन दडतं. पाय सुजलेत, धाप लागलीय आणि मानेत काही दिसत नाही, अशा पेशंटला सरळ ताठ बसवा आणि कानाची पाळी बघा. कधी कधी ती ठोक्यागणिक हलत असते. शीर ठसठशीत भरलेली, पण अजिबात स्पंदन नाही, असं असेल तर वरच्या महाशिरेत कुठे अडथळा आहे का, हा विचार करावा.

पोट दाबून जेव्हीपी चढते का ते बघताना ‘श्वास रोखा’ म्हणू नका. कुंथलं की दाब आपोआप चढतो आणि तपासणी खोटी ठरते.

बेशुद्ध माणसात नाडी शोधताना मात्र कॅरोटिडच, एका बाजूची आणि १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. दोन्ही बाजू एकदम कधीच दाबायच्या नाहीत.

आणि मानेला खोल जखम झाली तर? रक्त काळसर, संथ येतंय म्हणून ‘शीरच आहे, फार काही नाही’ असं म्हणून माणसाला बसवून ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या मानेतल्या शिरेत दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो आणि कापलेल्या तोंडातून हवा आत ओढली जाऊ शकते. ती हृदयात पोचली की जिवावर बेतते. आडवं झोपवा, स्वच्छ कापडाने जखमेवर हाताने घट्ट दाब द्या आणि १०८ला फोन लावा. मानेभोवती पट्टी आवळू नका.