कटला, रोहू की मिश्र? तळ्यावरच ओळखा

आमच्या कुडाळकडे शेततळ्यात पाग (फेकायचं जाळं) टाकला की कोणीतरी विचारतंच, "ह्यो कटलो की रोहू?" दोन्ही गोड्या पाण्यातले मासे, आणि दोघांच्या संकरातून झालेला तो मिश्र. बहुतेकदा बघताक्षणी कळतं. नाही कळलं, तर मासा ओल्या फडक्यात धरा आणि शेजारी एक खात्रीचा कटला, एक खात्रीचा रोहू ठेवा. एकट्या माशावरून छातीठोक सांगणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही.

आधी तोंड बघा. कटल्याचं तोंड मोठं, वर वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या थरातलं खातो. रोहूचं तोंड लहान, खाली झुकलेलं, जाड ओठांना झालर. ती बोटाने हलकेच उलटून बघा. तोंड जवळजवळ समोर आणि झालर असून नसल्यासारखी असेल, तर शंका घ्या. मग तोंडाच्या कोपऱ्यातली खाच उघडा. रोहूच्या तिथे बारीक मिशी दडलेली असते, घाईत दिसतच नाही. कटल्याला मिशा नसतात. अंग कटल्याचं आणि खाचेत मिशी, म्हणजे मिश्र असण्याचा संभव बराच.

पाठीवरच्या पंखातले फांदी फुटलेले काटेही मोजतात. कटल्याला १४ ते १६, रोहूला १२ ते १४. म्हणजे १४ आले की पुन्हा तिथेच! नुसत्या मोजणीवर जाऊ नका.

डोक्याच्या आकारावर तर मुळीच नको. जांभ्यात खणून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात दाटी झाली, खाणं कमी पडलं, की रोहूही हडकतो आणि डोकंच कटल्यासारखं मोठं दिसतं. बोटुकलीतही, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांतही, हे ओळखायला जाऊ नका. मासा अर्धा किलोचा होऊ द्या.

हे मिश्रण बहुतेकदा होतं बीज केंद्रात, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे. १९५७ साली ओडिशातल्या कटकला इंजेक्शन देऊन या जातकुळीतल्या माशांची वीण यशस्वी झाली, त्यानंतर पुढे बीज हौदात तयार होऊ लागलं. अंडी आणि नराचं वीर्य पाण्यातच मिसळतं, त्यामुळे दोन जातींचे नर-माद्या एका हौदात सोडले की झालं.

मिश्र मासा खायला चांगला, खुशाल विका. पण त्याला पुढे पिल्लं होऊ शकतात, म्हणून विणीसाठी राखू नका, नदीतही सोडू नका. पक्का निकाल हवा असेल तर डीएनए तपासणीच. आणि बोटुकली घेताना विचारा, कटला-रोहूची वीण वेगळ्या हौदांत होते का. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरीकडून घ्या.