मॉक असूनही सर्व्हिसमध्ये नल: असं सुटलं

मॉकिटो (जावाच्या टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टऐवजी नकली, म्हणजे 'मॉक', देणारी लायब्ररी) वापरलेल्या टेस्टमध्ये ऑर्डर सर्व्हिस नल पॉइंटर एक्सेप्शन (नल, म्हणजे 'काहीच नाही', वापरल्याची एरर) फेकत होती. मूळ 'इन्जेक्ट-मॉक्स' या सर्व्हिसमध्ये मॉक आपोआप भरणाऱ्या अ‍ॅनोटेशनमध्ये होतं: ते सर्वात जास्त पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर निवडतं आणि ज्या टाइपचा मॉक सापडत नाही तिथे गुपचूप नल देतं. सर्व्हिसमध्ये नवा 'क्लॉक' आला होता, टेस्टमध्ये त्याचा पत्ताच नव्हता.

ते अ‍ॅनोटेशन काढलं, 'बिफोर-ईच'मध्ये (प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या मेथडमध्ये) कन्स्ट्रक्टर हातानेच बोलावला. आता डिपेंडन्सी (सर्व्हिसला लागणारा दुसरा ऑब्जेक्ट) वाढली की टेस्ट कंपाइलच होत नाही, आणि तेच हवं. क्लॉक मॉक करायचीही गरज नाही, 'क्लॉक.फिक्स्ड' (कायम एकच वेळ दाखवणारं घड्याळ) पुरतं.

रिपॉझिटरीचा (डेटा आणून देणाऱ्या भागाचा) मॉक ठेवला. स्टबमध्ये (मॉकने काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून ठेवतो तिथे) आयडी 7 आणि कॉलमध्ये 8 गेला, तर साधा मॉक नल किंवा रिकामा ऑप्शनल देऊन मोकळा होतो. 'मॉकिटो-एक्स्टेन्शन' लावलं की हीच तफावत एरर म्हणून समोर येते.