हातचा एक दिवस : अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर राहून काम करायला येणाऱ्यांसाठी

"लॅपटॉपच तर आहे, कुठेही बसून काम होतं. मग हॅवलॉकला का नको?" असं विचारणारे पुण्या-मुंबईकडून आता बरेच जण भेटतात. मी आणि नवरा नोव्हेंबर २०१८ मध्ये गुहागरहून इथे आलो. मी पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटसाठी ड्रॉइंग करते, नवरा डायव्हिंगच्या बोटीवर असतो. निघताना आई म्हणाली होती, "काळ्या पाण्यावर कशाला जाता?" आपल्याकडे अंदमान म्हटलं की आधी सेल्युलर जेल आणि सावरकरच डोळ्यांसमोर येतात, तिचं काही चुकलं नव्हतं. नंतर ती इथे दोनदा येऊन राहून गेली. पहिल्याच खेपेला तिला सेल्युलर जेलमध्ये घेऊन गेले. त्या कोठडीच्या दारात ती बराच वेळ नुसती उभी होती.

नावांचा घोळ आधी मिटवते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर आणि पाटीवर नवी नावं दिसतील, बाजारात मात्र हॅवलॉक आणि पोर्ट ब्लेअरच ऐकू येईल. गावांनाही नंबर आहेत. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला (गोविंदनगर), विजयनगरचा किनारा पाच नंबरचा आणि प्रसिद्ध राधानगर सात नंबरला. पत्ता सांगताना नंबरच सांगा.

आता मुख्य मुद्दा. शाळेत बेरजेला हातचा धरायचो, तसा इथे प्रत्येक गोष्टीत धरावा लागतो: दिवसाचा, सिलिंडरचा, औषधांचा, इंटरनेटचा. मी हे फटका खाऊन शिकले. दुसऱ्या वर्षी चुलत बहिणीच्या लग्नाला निघाले होते. विमान पोर्ट ब्लेअरहून दुपारचं, म्हणून त्याच दिवशी सकाळच्या बोटीचं तिकीट काढलं. ऑक्टोबरचा शेवट होता. जेट्टीवर पोचले तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण वारा काही विशेष वाटत नव्हता. तासाभराने सांगितलं, बोट रद्द. दुसऱ्या दिवशीही रद्द. लग्न मी फोनवर पाहिलं. तेव्हापासून विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअर गाठते आणि रात्र तिथेच काढते. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर दोन दिवस आधी. बंगालच्या उपसागरात वादळं उठतात ती जास्त करून याच महिन्यांत. डिसेंबर २०१६ मध्ये असंच हवामान बिघडून शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, त्यांना काढायला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं यावी लागली.

पोर्ट ब्लेअरपासून आपण फक्त चाळीसेक किलोमीटरवर आहोत. खाजगी वेगवान बोटीने साधारण दीड तास, सरकारी बोटीने अडीच. सरकारी बोट स्वस्त आहे आणि गावातले लोक तिनेच जातात. तुम्हीही तिनेच जायची सवय लावा, बोटीवरच्या गप्पांमध्ये बेटाची निम्मी माहिती मिळते.

कामाचं बोलू. २०१८ मध्ये अंदमानचं सगळं इंटरनेट उपग्रहावर चालायचं. एक मेल जायला चहा गार व्हायचा. ड्रॉइंगच्या मोठ्या फाइल तर जायच्याच नाहीत. एकदा मी पेनड्राइव्ह चेन्नईला जाणाऱ्या एका अनोळखी जोडप्याच्या हातात दिला. त्यांनी विमानतळावर उतरून तिथूनच सगळ्या फाइल पुण्याला पाठवल्या आणि "फाइलें पहुँच गईं" असा निरोप दिला. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरसोबत हॅवलॉकलाही आली आहे. इथे राहून लॅपटॉपवर पोट भरता येतं ते या केबलमुळे. तिच्याआधी ते रडतखडतच चालायचं, हे नव्या लोकांना माहीत असावं.

तरी एकाच जोडणीवर भिस्त ठेवू नका. घरी फायबर घ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. इथली वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवर आहे. ती जाते, आणि बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते. घराला इन्व्हर्टर असेल आणि राउटर त्यावर जोडलेला असेल, तरच घर घ्या. शिवाय ज्याच्यासाठी काम करता त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की महिन्यातून एखाद-दोनदा मी काही तास गायब होईन. मी माझी मुदत नेहमी एक दिवस अलीकडची धरते. पुण्यात कोणाला ते ठाऊकही नाही, पण त्या एका दिवसाने माझी नोकरी कितीदा वाचवली आहे.

घर बघताना वर बघा. पत्र्याचं छप्पर आणि खाली सीलिंग नाही, अशी घरं खूप आहेत. पर्यटक म्हणून चार दिवस छान वाटतं. जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, फोनवरचं तर सोडाच. पहिल्या पावसाळ्यात मी मीटिंगसाठी न्हाणीघरात जाऊन बसायचे, कारण तेवढ्याच जागेवर स्लॅब होता. घरमालकाशी वर्षभराचं बोलून, लिहून घ्या. नाहीतर डिसेंबरात पर्यटकांचे भाव चढले की "महिनाभर खाली करा" असं ऐकावं लागतं. जमीन घेण्याचे बेत मात्र आणू नका. बाहेरच्यांसाठी इथले नियम कडक आहेत आणि ते असावेत असंच मला वाटतं.

दमट खारी हवा लॅपटॉपची शत्रू आहे. पोर्ट गंजतात, कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. रोज मशीन चालू करा, नसेल वापरायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चार्जर, माऊस, कीबोर्ड जोडीने आणा. बिघडलं तर पोर्ट ब्लेअर, आणि सुटा भाग लागला तर चेन्नई, म्हणजे दोन-तीन आठवडे गेले.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा होतो. घड्याळ मुंबईचंच आहे, पण सूर्य इथे मुंबईपेक्षा जवळजवळ एक तास वीस मिनिटं आधी येतो आणि आधीच जातो. जूनमध्ये साडेचारला फटफटतं. डिसेंबरात पाच वाजता सूर्य बुडतो. पुण्यात लोक चहा घेऊन "एक छोटा कॉल करू या" म्हणतात, तेव्हा इथे दिव्याभोवती किडे जमलेले असतात आणि शेजारी जेवायच्या तयारीला लागलेले असतात. सुरुवातीला मी पुण्याच्या वेळेने उठत राहिले आणि वर्षभर उदास होते. कारण कळत नव्हतं. मग शेजारच्या काकीमांनी एकदा विचारलं, "तू दिन में सोती क्यों है?" मी सातला उठायचे, तोवर त्यांची भाजी तोडून, विकून झालेली असायची. आता मी साडेचारला उठते, पाचला समुद्रावर जाते, सहाला कामाला बसते. पुण्याचं ऑफिस उघडतं तोवर माझं निम्मं काम झालेलं असतं. युरोप-अमेरिकेच्या वेळेने काम करणाऱ्यांना इथली लांब, शांत रात्र सोयीची पडेल, पण मग पहाट हातची जाते आणि इथला दिवस पहाटेच सुरू होतो.

इथली बहुतेक कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन १९५० च्या दशकात वसवली गेलेल्यांची आहेत. त्यांना सेटलर म्हणतात. त्यांच्या आजोबांनी जंगल तोडून शेती केली. घरात बंगाली, बाजारात हिंदी, आणि आपण सगळे त्यांच्या लेखी मेनलँडवाले, म्हणजे समुद्रापलीकडच्या मुख्य भारतातून आलेले. "कितने दिन के लिए?" हा पहिला प्रश्न असतो. त्यात कुचकेपणा नाही. त्यांनी डायव्हिंग शिकवायला, कॅफे काढायला, योग शिकवायला आलेली कितीतरी माणसं एका हंगामात परत गेलेली पाहिली आहेत. आमच्याशी लोक मोकळेपणाने बोलायला लागले ते पहिला पावसाळा इथेच काढल्यावर.

कोकणातल्या माणसाला हे बेट परकं वाटत नाही. घराभोवती नारळ, सुपारी, केळी, मागे विहीर. काकीमा ज्याला पुई शाक म्हणतात तो आपला मायाळू. त्या कोलंबी घालून करतात, मी डाळ घालून करते, आणि वाट्यांची देवाणघेवाण होते. मासळी उत्तम, सुरमई ताजी मिळते. कांदे-बटाटे, पीठ, तेल, गॅस मात्र जहाजाने मेनलँडहून येतं. मेनलँडहून पोर्ट ब्लेअरलाच जहाजाला तीनेक दिवस लागतात. एखादं जहाज लांबलं की कांद्याचा भाव चढतो, आणि अंडी दिसेनाशी होतात. ज्वारी-बाजरीचं पीठ विसरा, तांदळाच्या भाकऱ्या करा. कोकम आणि गोडा मसाला घरून आणा, वर्षभराचा. दुसरा सिलिंडर पहिल्याच महिन्यात मिळवा.

दुखण्याखुपण्याचं नीट वाचा. बेटावर सरकारी दवाखाना आहे आणि तिथले लोक मनापासून बघतात. मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. हेलिकॉप्टर आहे, त्यात रुग्णाला आधी जागा मिळते, पण हवामान बिघडलं की तेही उडत नाही. म्हणून दातांची कामं, चष्मा, तपासण्या सगळं उरकून या. रोजची औषधं दोन महिन्यांची हवीतच. ज्याला हृदयाचा त्रास आहे किंवा जिचे दिवस भरत आलेत, तिने-त्याने पावसाळ्यात बेटावर राहू नये. हे मी कोणाचं मन राखायला मऊ करून सांगणार नाही.

समुद्राबद्दलही तसंच. खाऱ्या पाण्यातली मगर इथे आहे. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ, काळोखात पाण्यात उतरू नका. फलक लावलेला असतो तिथे तर नाहीच. डायव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, हेलिकॉप्टरही त्यात आलं. आणि वाळूत बसल्यावर चावणारी ती बारीक सँडफ्लाय: दिसत नाही, दुसऱ्या दिवशी पाय सुजतात, खाजवलं की जखम चिघळते. पायांना जाडसर खोबरेल चोळून जा आणि ओल्या वाळूवर टॉवेल पसरून लोळू नका. शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, उचलू नका. विमानतळावर सामानात सापडला तर काढून घेतात, आणि मुळात तो तिथेच असायला हवा.

पाणी जपून. फेब्रुवारी ते एप्रिल विहिरी खाली जातात. नळ सोडून भांडी घासणारा मेनलँडवाला गावात लगेच ओळखू येतो.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या पेपरांत "मान्सून अंदमानात दाखल" अशी बातमी येते. त्या दिवशी आईचा फोन ठरलेला: "आला म्हणे तुमच्याकडे?" मी खिडकीतून फोन बाहेर धरते. दोन-तीन आठवड्यांनी तिच्या अंगणात पाऊस पोचतो आणि मग ती तिचा फोन बाहेर धरते.

गणपतीची गोष्ट सांगायचीच होती. एका वर्षी पोर्ट ब्लेअरला मागवलेली मूर्ती तिथेच राहिली, बोटी तीन दिवस बंद. मी रडवेली झाले होते. काकीमांचे दीर दुर्गापूजेच्या मूर्ती घडवतात. ते म्हणाले, "गणेश तो हर साल बनाते हैं, माँ के साथ।" गवताच्या सांगाड्यावर चिखल लिंपून दोन दिवसांत त्यांनी वीतभर उंचीचा गणपती केला. रंग वाळला नव्हता, सोंडेला हात लावला तर बोटाला ओल लागत होती. आरतीला अख्खी गल्ली आली. "सुखकर्ता" कोणालाच येत नव्हतं, पण टाळ्यांचा ठेका सगळ्यांनी धरला. आता दरवर्षी मूर्ती तेच करतात आणि मी त्यांच्याकडे उकडीचे मोदक पोचवते.

घर ठरवायच्या आधी पंधरा दिवस राहून बघा. पण जानेवारीत नको. तेव्हा समुद्र काचेसारखा असतो आणि कोणालाही इथे राहावंसं वाटतं. जुलैत या. तीन नंबरच्या बाजाराजवळ साधी खोली घ्या, काम सोबत आणा, वीज गेल्यावर आणि बोट रद्द झाल्यावर आपल्याला काय होतं ते बघा. परतीचं तिकीट मात्र बदलता येईल असंच काढा, आणि जुनी पादत्राणं आणा, नव्या चामड्याला आठवड्यात बुरशी येते.